आप्पाची तोटी

कोनवाडीत तोट्या दोनच. एक चावडीपुढं, सगळ्या गावाची. दुसरी खालच्या आळीत, परशरामच्या अंगणात. म्हणायला तीही आळीची, आठ घरांची होती. पण जिच्या तोंडाला परशरामची आई मालुबाई रोज सकाळी हळदकुंकू लावायची, ती तोटी आळीची म्हणायची कुणाची छाती होती?

गावावरच्या डोंगरात बारमाही झरा होता. निपाणीत तंबाखूची वखार असलेल्या, गावच्याच मारुतीरावांनी आईच्या नावानं त्याच्यावर दगडी टाकी बांधली आणि लोखंडी नळ चावडीपर्यंत आणला. खालच्या आळीला नळ न्यायचा, तर मधे परशरामचं तंबाखूचं रान आडवं. परशराम चावडीत म्हणाला, "माझ्या रानातनं खुशाल न्या. पर तोटी माझ्या अंगणात बसवा." चर खणायला तो आणि टाकीचा राखणदार मष्णू, असे दोघेच आठ दिवस राबले. गुडघाभर खोल चर. बुजवल्यावर मष्णूनं नळाच्या ओळीवर चुन्यानं रंगवलेले दगड रोवले, नांगर जपून घालावा म्हणून.

मष्णू दिवस उगवताना टाकीची चावी सोडायचा आणि न्याहारीच्या वेळेला बंद करायचा. तेवढ्यात आळीनं पाणी भरून घ्यायचं. पाणी गेलं की तोटी लांब सुसकारा टाकायची. तोंडाला तळहात लावला तर आत ओढ बसायची. मालुबाई म्हणायची, "दमली गं बाय माझी." आणि तोटीला बांधलेलं पांढरं फडकं सोडून धुवायला घ्यायची. "बगा, केसभर कचरा न्हाय. काचंवानी पानी."

परशरामला यातलं सगळ्यांत काय आवडायचं, तर बायका घागर टेकण्याआधी विचारायच्या ते. "आप्पा, भरू का?" तो कट्ट्यावर बसून तंबाखू मळत म्हणायचा, "भरा की. माज्या काय बाचं हाय?" म्हणायचा असं, आणि मिशीला हात असायचा. अर्ध्या एकराचा धनी, बापाच्या वेळेपासून चावडीत मागच्या रांगेत बसणारा. त्याला आता आठ घरं रोज सकाळी परवानगी मागत होती. माणसाला चढायला एवढं पुरतं.

फाल्गुनात तंबाखू निघाली. खुंट उपटून परशरामनं चार बैलांचा लोखंडी नांगर मागून आणला. चुन्याचे दगड नांगराच्या तासाला आडवे यायला लागले. दोन दगड त्यानं उचलले आणि बांधावर ठेवले. 'ओळ काय मला ठाऊक न्हाय व्हय?' असं मनाशी म्हणाला. तिसऱ्या तासाला फाळ कशावर तरी ठणकन बसला. बैल गुडघ्यावर आले.

माती हातानं सारली तर नळाचा सांधा. एक तोंड बोटभर सरकलं होतं, फटीतून आतलं उरलंसुरलं पाणी झिरपत होतं. मष्णूला सांगावं, तर निपाणीहून फिटर येणार, पंधरा दिवस पाणी बंद, आणि मारुतीराव चावडीत विचारणार, दगड कुणी हलवले? मग तोटी अंगणात राहील? परशरामनं चौफेर बघितलं. डोक्याचा पटका सोडला. लग्नात शहापूरहून घेतलेला तांबडा पटका, हिरव्या काठाचा. त्याची हातभर चिंधी टरकावली, सांध्याला गच्च आवळली, वरून सुंभ गुंडाळला, चिकणमाती थापली आणि चर बुजवला. दुसऱ्या दिवशी तोटीला घटकाभर तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ आलं. 'बसला सांधा,' म्हणाला.

"पटका आखूड कसा झाला हो?" बायकोनं, अक्काताईनं, दोनच दिवसांत विचारलं.

"उंदरानं कुरतडलाय."

तिनं सापळा लावला. तिसऱ्या दिवशी उंदीर सापडला. शिव्या देत तिनं तो गावंदरीला नेऊन मारला. परशराम कट्ट्यावर बसून बघत राहिला. त्या दिवशी त्याला थोडं हसूही आलं होतं, हे पुढं त्याला कैक दिवस आठवत राहिलं.

चैत्र सरता धनगर आले. रानात मेंढरं बसवली की तंबाखूचं पान हातभर होतं, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. परशरामनं तीनशे मेंढरं चार रात्री बसवून घेतली. रान निवाऱ्याचं, बुजवलेल्या चराची माती मऊ. मेंढरं नेमकी तिथंच दाटीनं बसली. लेंड्यांचा आणि मुताचा वीतभर थर झाला. धनगरांची बिऱ्हाडंही बांधाआडच, तीही परसाकडला तिथंच. खत म्हणून परशराम खूश होता.

वैशाखात वळवाच्या दोन सरी आल्या. सकाळी परशराम रानात गेला तर चराची ओळ खचली होती, आणि त्या खळगीत काळं पाणी तुंबलं होतं. त्यावर फेस होता. तो काठीनं ते पाणी ढवळत थोडा वेळ उभा राहिला. 'पील जमीन,' म्हणाला आणि परतला. घरी आला तेव्हा मालुबाई तोटीचं फडकं पिळत होती. फडकं पांढरंशुभ्र होतं.

आठ दिवसांत आळीत हगवण लागली.

आधी म्हातारी माणसं, मग पोरं. लोटे घेऊन माणसं बांधाकडं धावायला लागली, मग धावायचंही त्राण राहिलं नाही. आव पडायची, रक्त पडायचं. मालुबाई चार दिवस अंथरुणावर होती. बाजेवरून म्हणायची, "मला तोटीचंच पानी द्या गं. दुसरं पानी पोटाला बादंल." आणि अक्काताई तिला तेच द्यायची, तांब्याच्या तांब्या.

वरच्या आळीतही दोघातिघांची पोटं आंब्यानं बिघडली होती. तेवढं निमित्त पुरलं. चावडीत बोलणं निघालं, की हे टाकीचंच आहे. मष्णू टाकीत घोंगडं धुतो. मष्णू टाकीत पाय सोडून बसतो. कुणी बघितलं होतं? कुणीच नाही.

मष्णूला उभं केलं. पन्नाशीचा, बायको गेलेला, टाकीजवळच्या खोपट्यात एकटा राहणारा माणूस. तो हात जोडून म्हणाला, "बिरदेवाची आन घेतो. मी टाकीत बोट बुडीवलं आसलं तर ह्यो हात झडंल. टाकीचं झाकण कवा उगडं ठेवलं न्हाय मी."

तेव्हा परशराम बोलला. कुणी विचारलं नव्हतं त्याला. "आन काय, कुनीबी घेतंय. एकटाच तर असतोस वर. हात धूतोस का न्हाय, कुनी बगितलंय?"

मष्णूनं एकदाच त्याच्याकडं बघितलं. आठ दिवस एका चरात राबलेली, एका फडक्यातली भाकरी खाल्लेली माणसं ती. परशराम तळहातावरच्या तंबाखूकडं बघायला लागला.

मारुतीराव ओरडले नाहीत. टाकीतून आणलेल्या पाण्याची घागर पुढं सरकवून एवढंच म्हणाले, "तुज्याच हातचं पानी हाय. पी."

मष्णू एक लोटा प्याला. "आनी एक." दुसरा प्याला. तिसऱ्याला पाणी हनुवटीवरून छातीवर उतरलं, धोतर भिजलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. पिऊन झाल्यावर त्यानं लोटा पालथा करून दाखवला, तालमीतल्या पोरानं दूध पिऊन दाखवावं तसा. त्याला काही झालं नाही. दोन दिवस लोकांनी वाट बघितली, आणि मग म्हणाले, "त्याला पचतंय. सवय हाय त्येला." टाकीची चावी मारुतीरावांच्या गड्याकडं गेली.

परशरामच्या शेजारी शालूबाई राहायची. नवरा हुबळीकडं रेल्वेच्या कामावर, ही घरी विड्या वळायची. पोरगी गोदी तीन वर्षांची, आणि पोरगा शिरप्या त्याहून वर्षा-दीड वर्षानं मोठा. गोदीला हगवण लागली आणि पोरगी चौथ्या दिवशी गेली. डोळे खोल गेले होते, ओठांवर सालपटं आली होती. शेवटपर्यंत "पानी, पानी" म्हणत होती, आणि शालूबाई चमच्यानं पाणी पाजत होती. कुठलं, ते सांगायला नको.

लहान पोर, म्हणजे पुरायचं. शेजारधर्म म्हणून खड्डा परशरामनं खणला. कुदळ त्याचीच. गुडघाभर खोल गेल्यावर कुणी म्हणालं, "बास, आप्पा, पोरगीच हाय." तो थांबला. चरही एवढाच खोल होता. बाहेर यायला त्याला दोघांनी हात द्यावा लागला. लोक म्हणाले, आप्पाचं काळीज मऊ.

दुसऱ्या दिवशी तो कुदळ घेऊन रानात गेला. आज सांधा उघडायचा, फिटरला सांगायचं, होईल ते होईल. चराजवळ उभा राहिला. बांधावरून दोन माणसं निपाणीच्या बाजाराला निघाली होती. "काय आप्पा, काय खणताय?" "काय न्हाय. हराळी काडतोय." आणि खरंच त्यानं हातभर हराळी काढली आणि घरी आला. स्वतःची एवढी किळस त्याला आयुष्यात आली नव्हती. तरी जेवला. आणि जेवून तोटीचंच पाणी प्याला, घोट घोट, मुद्दाम. जणू त्यानं फिटणार होतं.

बेळगावहून आरोग्याचे इन्स्पेक्टर आले. मार्तंडराव नाव, शहापुरातले, डोक्याला काळी टोपी, सायकलला बांधलेला पत्र्याचा डबा. त्यांनी आधी टाकी बघितली, मग चावडीत दोन काचेचे पेले मांडले. एकात टाकीचं पाणी, दुसऱ्यात ओढ्याच्या डबक्याचं, फडक्यानं चार वेळा गाळलेलं.

"बघा, कुठलं स्वच्छ दिसतं?"

"दोनीबी सारकीच की."

त्यांनी डब्यातलं जांभळं औषध चिमटीनं दोन्हींत टाकलं. दोन्ही पेले गुलाबी झाले. "आता बसा थोडं."

लोकांनी पानं लावली, तंबाखू मळली. घटकाभरानं टाकीच्या पेल्यात गुलाबी तसंच होतं. डबक्याच्या पेल्यातला रंग विटत गेला, पिवळट झाला आणि पार उडाला. पुन्हा साधं पाणी दिसायला लागलं.

"घाणीनं रंग खाल्ला," मार्तंडराव म्हणाले. "ती घाण डोळ्यांना दिसत नाही, फडक्यात अडकत नाही. तुमच्या टाकीत दोष नाही. या राखणदारानं टाकी नीट ठेवली आहे. आज टाकीत औषध टाकतो. उद्या सकाळी दोन्ही तोट्यांना गुलाबी पाणी यायला हवं. ते बिनघोर प्या. जिथं रंग येणार नाही, तिथं नळात घाण शिरते आहे असं समजा, आणि मला कळवा. मी मुक्कामाला आहे."

मागच्या रांगेत परशराम बसला होता. बिनरंगाच्या त्या पेल्यावरून त्याची नजर हटेना. नवीन गड्याला चावी कशी फिरवायची ते धड माहीत नव्हतं, म्हणून मार्तंडरावांनी मष्णूलाच बरोबर घेतलं. मष्णू मुकाट्यानं पुढं झाला. मारुतीरावांनी तेवढ्यापुरतं दुसरीकडं बघितलं.

सकाळी चावडीच्या तोटीला गुलाबी पाणी आलं आणि बायकांनी एकच कालवा केला. "रगात गं बाई, रगात!" चावडीत झालेलं बोलणं पुरुषांनी ऐकलं होतं, घरी सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती. बायका रिकाम्या घागरी घेऊन खालच्या आळीला आल्या. तिथं मालुबाई आजारातून उठून काठी टेकत तोटीजवळ उभी होती. तोटीतून पाणी येत होतं. पांढरं, स्वच्छ, नितळ.

"या गं बायांनो, या! आमच्या तोटीला न्हाय आलं रगात. देवानं राकलं. परशा, बगितलंस का रं?"

परशराम कट्ट्यावर होता. उजाडल्यापासून तो तिथंच बसला होता. पाणी सुटलं, पहिली धार आली, तेव्हाच त्यानं बघितलं होतं. उठून तोटी बंद करायला किती वेळ लागतो? पण अंगणात एवढी रांग कधीच लागली नव्हती. वरच्या आळीच्या बायका, अगदी मारुतीरावांच्या घरची मोलकरीणसुद्धा. आणि जी ती विचारत होती.

"आप्पा, भरू का?"

"आप्पा, भरू?"

मालुबाईच सांगत होती, "भरा गं, भरा." तीन घागरी भरून गेल्या. त्या त्यानं जाऊ दिल्या. पुढं ज्याला त्याला हेच सांगायचा, की तीन घागरी मी डोळ्यांदेखत जाऊ दिल्या.

मग शालूबाई आली. घागर नव्हती, हातात पितळी तांब्या. तोंड सुकलेलं.

"आप्पा, भरू का? शिरप्याला सकाळधरनं लागलंय. गुलाबी पानी त्यो तोंडाला लावंना."

परशराम उठला. तांब्याच्या तोंडावर त्यानं पंजा ठेवला. "नगं."

शालूबाई दोन पावलं मागं सरली. बायकांच्या देखत तिची मान खाली गेली. हळू आवाजात ती म्हणाली, "सुतक फिटलंय आता, आप्पा. न्हाऊन आलोय मी."

ते ऐकलं आणि परशरामनं तांब्यावरचा पंजा मागं घेतला. "तसं न्हवं गं बाय! तसं न्हवं. पानी वंगाळ हाय ह्ये."

"काय बोलतोस रं?" मालुबाई ओरडली. "काचंवानी पानी—"

त्यानं तोटी पिळून बंद केली. आईच्या पायाशी भरलेली घागर लाथेनं आडवी केली. "कुनी पिऊ नगा! गेलेल्या तिनी घागरी वता जावा. रंग आला न्हाय म्हंजे घान हाय ह्येच्यात. नळ फुटलाय. माज्या रानात. नांगर लागला असंल."

असंल म्हणाला. अजूनही असंल.

तासाभरात रानात निम्मं गाव जमलं. मार्तंडराव, मारुतीराव, मष्णू. खणायला परशराम स्वतः उतरला. दुसऱ्या कुणाला कुदळ लावू दिली नाही. वरचा खताचा थर निघाला, खाली काळी रबडी. वास असा सुटला, की बांधावरच्यांनी नाकाला पदर लावले.

"पाणी बंद झालं की नळ रिकामा होतो आणि आत ओढतो," मार्तंडराव मारुतीरावांना सांगत होते. "फट असेल तर बाहेरचं सगळं आत. सकाळी तेच आधी तोटीला येतं."

परशरामला तोटीचा सुसकारा आठवला. दमली गं बाय माझी.

सांधा जवळ आला तसा मष्णू खड्ड्यात उतरला, कारण नळाची कामं त्याला कळायची. गुडघ्यावर बसून त्यानं रबडीत हात घातला, चाचपलं आणि काहीतरी सोडवून बाहेर ओढलं. काळ्या घाणीत लडबडलेली चिंधी. बोटानं पुसली तशी तांबडी दिसली, काठ हिरवा. त्यानं मान वर केली. समोर परशराम, डोक्याला आखूड पटका.

दोघांची नजर एक झाली. मग मष्णूनं चिंधी मुठीत चुरगाळून गुडघ्याखाली दाबली आणि वर तोंड करून म्हणाला, "सांदा सुटलाय, साएब. जुना सांदा हाय. सुटतोय कवाकवा आपसूक."

मारुतीरावांनी मान डोलावली. प्रकरण तिथं मिटलं होतं. सांधा आपसूक सुटला होता. फिटर आला असता, नवा सांधा बसला असता आणि महिन्याभरात बायका पुन्हा विचारायला लागल्या असत्या. परशरामला एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं होतं. दोन महिने त्यानं दुसरं केलं काय होतं?

पण तीन लोटे पाजलेला माणूस त्याच्यासाठी घाणीत गुडघा रोवून बसला होता, आणि ते काही केल्या त्याला सोसेना. मष्णूनं चावडीत सगळं सांगून चार शिव्या घातल्या असत्या, तर ते सोसलं असतं.

"मष्णू, दे त्ये."

"काय न्हाय, चिंदी हाय."

"माजी हाय. दे हिकडं."

त्यानं ती ओढून घेतली. डोक्याचा पटका सोडला, त्याचं फाटकं टोक चिंधीच्या टोकाला लावलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं. फाटलेलं फाटलेल्याला बरोबर मिळालं. काठाला काठ.

"नांगर मीच घातला. दगड मीच काडलं. बांदलं मीच. वर मेंढरं बसीवली मीच," तो म्हणाला. "मष्णूचा काय दोष न्हाय. मला ठावं हुतं. चावडीत बोललो तवाबी ठावं हुतं."

बांधावर अक्काताईनं तोंडात पदर कोंबला. तिला उंदीर आठवला असेल. मारुतीराव खाली बघत वहाण मातीत घासत राहिले.

शालूबाई पुढं आली. तिनं परशरामच्या तोंडाकडं बघितलंच नाही. त्या चिंधीकडं बघत होती.

"कवा बांदलंतंसा?"

"फाल्गुनात."

"फाल्गुन," ती म्हणाली. "चैत. वैशाक." आणि वळून बांधाबांधानं घराकडं चालायला लागली. शिरप्या एकटा होता घरी.

मार्तंडरावांनी शिरप्याला औषध दिलं, गुलाबी पाणी उकळून पाजायला सांगितलं. पोरगं चौथ्या दिवशी उठून बसलं. चावी मष्णूकडं परत गेली, आणि महिनाभर रोज टाकीत औषध टाकायचं कामही. चावडीत मारुतीराव त्याला एवढंच म्हणाले, "घे." खालच्या आळीचा नळ वरूनच तोडून त्याला बूच मारलं. परशरामच्या अंगणातल्या तोटीला मालुबाई दोन दिवस तरी हळदकुंकू लावत होती, मग तिनंही सोडलं. ती आता बाहेर पडत नव्हती. अक्काताई नवऱ्याशी कामापुरतं बोलायची.

म्हणून पाण्याला परशराम जायला लागला. त्या मुलखात पुरुष खांद्यावर घागर घेऊन तोटीला जात नाही. गेला तर पोरं टाळ्या पिटतात. परशराम गेला, बोडक्या डोक्यानं. पहिल्या दिवशी चावडीपुढं रांग होती. तो शेवटी उभा राहिला. एकेक घागर भरून गेली. शेवटी त्याच्यापुढं एकटी शालूबाई राहिली. तिची घागर भरून वाहत होती. गुलाबी पाणी दगडावरून तिच्या पायाकडं येत होतं. तरी ती तशीच उभी होती.

परशरामनं घागर खांद्यावरून उतरवली.

"शालूबाय, भरू का?"

ती वाकली, आपली घागर कडेला ओढून घेतली आणि तोटीखालची जागा मोकळी करून दिली.